ताण, संप्रेरके आणि मेंदू

(शासकीय कर्मचारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या तालुका पातळीवरील सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शरीरक्रियाविज्ञान शिकविण्यात ज्याची हयात गेली अशा माणसाने कार्यालये, शाळा आणि ग्रामपंचायती चालविणाऱ्यांना काय सांगावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. आजचा विषय ताणाचा आहे. ताण हा शब्द पूर्वी आपण दोरीच्या किंवा तारेच्या संदर्भात वापरीत होतो. आता तो माणसांच्या संदर्भात इतका सैलपणे वापरला जातो की त्याचा अर्थच पातळ झाला आहे. कामाचा ताण, परीक्षेचा ताण, कर्जाचा ताण, पाऊस लांबल्याचा ताण. त्यावर आपण देतो तो सल्लाही ठरलेला असतो : मनाला लावून घेऊ नका. या सल्ल्यात एक गृहीत दडलेले आहे. ताण हा केवळ मनाचा व्यापार आहे, मनाने ठरविले तर तो नाहीसा होतो आणि ज्याला तो सोसत नाही त्याचे मनच दुबळे, असे ते गृहीत होय. हे गृहीत ज्यांच्या संशोधनाने खिळखिळे केले, त्यांत ब्रूस मॅक्यूएन या अमेरिकन शास्त्रज्ञाचे नाव फार वरचे आहे. १९३८ मध्ये जन्मलेले मॅक्यूएन २०२० च्या जानेवारीत निवर्तले. पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला. ग्रंथींतून रक्तात उतरणारी द्रव्ये मेंदूवर काय परिणाम घडवितात, हा तो प्रश्न.

त्यांच्याकडे वळण्यापूर्वी त्यांच्या दोन पूर्वसूरींचा उल्लेख केला पाहिजे. पहिले वॉल्टर कॅनन. हार्वर्ड विद्यापीठात वैद्यकाचे विद्यार्थी असताना, १८९७ च्या सुमारास, नुकत्याच शोध लागलेल्या क्ष-किरणांच्या साहाय्याने ते मांजराच्या जठराची हालचाल न्याहाळीत असत. मांजर बिथरले की ही हालचाल थांबते आणि ते शांत झाले की पुन्हा सुरू होते, असे त्यांना दिसले. यातूनच पुढे भीती आणि क्रोध यांच्या शारीरिक परिणामांचा त्यांचा अभ्यास उभा राहिला व १९१५ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. संकट समोर दिसताच मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तात सुटते, हृदय जोराने चालू लागते, यकृतातील साखर रक्तात येते, पचन थांबते आणि रक्ताचा ओघ स्नायूंकडे वळतो. झुंजायचे किंवा पळायचे, यांपैकी काहीही करावे लागले तरी शरीर सज्ज असते.

दुसरे हान्स सेल्ये. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात हे तरुण संशोधक एका नव्या लैंगिक संप्रेरकाच्या शोधात उंदरांना अंडाशयाचा अर्क टोचीत होते. संप्रेरक म्हणजे ग्रंथींत तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवांपर्यंत निरोप पोचविणारे द्रव्य, ज्याला आपण नेहमीच्या बोलण्यात हार्मोन म्हणतो. अर्क टोचलेल्या उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, रोगप्रतिकाराशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसलेल्या आणि जठरात व्रण पडलेले आढळले. नवे संप्रेरक सापडले या आनंदात ते होते. पण फॉर्मॅलिनसारखे निव्वळ दाहक द्रव्य टोचले तरी हेच तीन बदल होतात, थंडीत ठेवले तरी होतात आणि थकेपर्यंत पळविले तरी होतात, हे ध्यानात येताच संप्रेरकाची आशा मावळली. त्या जागी एक मोठा विचार हाती लागला. आघात कोणताही असो, शरीराची त्याला उत्तर देण्याची एक समान रीत आहे. १९३६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी हे एका छोट्याशा टिपणात मांडले. ताण या शब्दाला वैद्यकात आज जो अर्थ आहे, तो रूढ होण्याचे बरेचसे श्रेय सेल्ये यांच्याकडे जाते.

येथे थोडे विषयांतर करतो. सिगारेट कंपन्यांचे अंतर्गत कागद अमेरिकेतील खटल्यांमुळे पुढे उघड झाले, तेव्हा सेल्ये यांना त्या उद्योगाकडून पैसा मिळत होता हे दिसून आले. हृदयविकाराचे खापर तंबाखूऐवजी ताणावर फोडता आले तर ते त्या कंपन्यांना हवेच होते. सेल्ये यांची मूळ निरीक्षणे यामुळे खोटी ठरत नाहीत. परंतु कोणी प्रत्येक रोगाचे मूळ ताणातच आहे असे छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याला पुरावा अवश्य विचारावा.

आता शरीरातील यंत्रणा थोडक्यात पाहू. कॅननने वर्णिलेली ॲड्रेनॅलिनची वाट ही तातडीची, क्षणार्धात काम करणारी. दुसरी वाट जरा सावकाश चालते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा लहानसा भाग एक रासायनिक इशारा देतो. तो त्याच्या खाली लोंबणाऱ्या वाटाण्याएवढ्या पोष ग्रंथीला मिळतो. ती आपले संप्रेरक रक्तात सोडते आणि त्याच्या आज्ञेने अधिवृक्क ग्रंथीचा बाहेरचा थर कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करतो. उंदरांमध्ये याच कामासाठी कॉर्टिकोस्टेरॉन असते. कॉर्टिसॉलला ताणाचे विष म्हणण्याची एक प्रथा अलीकडे पडली आहे, ती मला मान्य नाही. ज्याच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी होतात त्याचे काय होते, हे टॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्येच लिहून ठेवले आहे : असा रोगी खंगत जातो आणि उपचार न मिळाल्यास दगावतो. कॉर्टिसॉलवाचून जगणे नाही. आपण सकाळी जागे होतो त्या सुमारास ते रक्तात सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी. ते साठविलेली शक्ती मोकळी करते, दाह आटोक्यात ठेवते आणि आणखी एक मोलाचे काम करते. ते पुरेसे झाले की मेंदूला तसे कळते आणि मेंदू इशारा देणे थांबवितो. पाण्याची टाकी भरली की तरंगता चेंडू वर येऊन नळ बंद करतो, तसाच हा प्रकार आहे. ताणाच्या साऱ्या प्रश्नाचे मर्म या चेंडूत आहे, हे ध्यानात ठेवावे.

१९६० नंतरच्या दशकात सर्वसाधारण समजूत अशी होती की, मेंदू हुकूम देतो आणि ग्रंथी तो पाळतात. संप्रेरके उलट मेंदूकडे जातात खरी, पण ती केवळ त्याच्या तळाशी, हायपोथॅलॅमसपाशी. स्मरण, विचार, शिकणे या वरच्या व्यवहारांशी त्यांचा संबंध असेल, असे फार थोड्यांना वाटत होते. मॅक्यूएन यांनी अधिवृक्क ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांना किरणोत्सर्गी खूण लावलेले कॉर्टिकोस्टेरॉन टोचले आणि ते मेंदूच्या कोणत्या भागात टिकून राहते याचा माग काढला. ग्रंथी आधीच काढल्यामुळे उंदराचे स्वतःचे संप्रेरक तेथे अडथळा करण्यास शिल्लक नव्हते. अपेक्षा हायपोथॅलॅमसची होती. संप्रेरक सर्वांत अधिक साठले ते हिप्पोकॅम्पसमध्ये. जे वाइस आणि लेस्ली श्वार्ट्झ या सहकाऱ्यांसह लिहिलेला हा निबंध १९६८ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला.

हिप्पोकॅम्पस म्हणजे काय हे शिक्षकबंधूंनी विशेष लक्षात घ्यावे. कानाच्या आतल्या बाजूस, मेंदूच्या पोटात, दोन्हीकडे एकेक असा हा वळणदार भाग असतो. त्याच्या आकारावरून त्याला समुद्रघोड्याचे ग्रीक नाव मिळाले. १९५३ मध्ये अपस्माराच्या एका तरुण अमेरिकन रोग्याच्या मेंदूतील हा भाग शस्त्रक्रियेने बऱ्याच अंशी काढावा लागला. त्यानंतर त्याची बुद्धी शाबूत राहिली, जुन्या आठवणी बऱ्याचशा राहिल्या, पण नवी गोष्ट मात्र काही मिनिटांपलीकडे लक्षात राहीनाशी झाली. आज शिकलेले उद्यासाठी जपून ठेवणे हे या भागाचे काम, हे त्यावरून कळले. आणि ताणाचे संप्रेरक जाऊन बसते ते नेमके येथे. कारण येथील पेशींमध्ये त्या संप्रेरकाला धरून ठेवणारे ग्राहक रेणू विपुल आहेत. संप्रेरक त्यांना चिकटले की पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचते आणि कोणती जनुके कामाला लागावीत यात हस्तक्षेप करते. शिवाय मघाशी सांगितलेला नळ बंद करण्याच्या कामातही हिप्पोकॅम्पसचा मोठा वाटा आहे.

यापुढचा टप्पा गाठण्यास वीस-बावीस वर्षे लागली. मेंदूतील तंत्रिका पेशी एखाद्या झाडासारखी असते. तिला फांद्या असतात आणि त्या फांद्यांवर इतर पेशींचे निरोप येऊन पोचतात. १९९० मध्ये मॅक्यूएन आणि त्यांच्या सहकारी कॅथरिन वूली व एलिझाबेथ गूल्ड यांनी दाखविले की, उंदरांना एकवीस दिवस कॉर्टिकोस्टेरॉन दिले तर हिप्पोकॅम्पसच्या एका विशिष्ट पट्ट्यातील पेशींच्या फांद्या आखूड आणि विरळ होतात. १९९२ मध्ये याच प्रयोगशाळेतून पुढची गोष्ट प्रसिद्ध झाली. बाहेरून काहीही टोचले नाही, नुसते उंदराला रोज काही तास अरुंद नळीत अडकवून ठेवले, तरीही तीन आठवड्यांत तेच घडते. म्हणजे वेदना नाही, जखम नाही, उपासमार नाही. केवळ हलता येत नाही, एवढ्यावरून मेंदूतील पेशींचा आकार बदलतो.

हा बदल कायमचा असतो काय? मॅक्यूएन यांचे विद्यार्थी रॉबर्ट सापोल्स्की यांनी, आणि १९८६ च्या एका निबंधात स्वतः मॅक्यूएन यांनीही त्यांच्याबरोबर, असे मांडले होते की, संप्रेरकाच्या दीर्घ माऱ्याने पेशी झिजत जातात, त्या झिजल्या की नळ बंद करणारेच दुबळे होतात आणि संप्रेरक आणखी वाढते. पण फांद्यांवरील प्रयोगांतून वेगळे चित्र दिसू लागले. ताण काढून घेतला की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आखडलेल्या फांद्या पुन्हा वाढतात. मॅक्यूएन यांनी मग आपला भर बदलला. फांद्या आखडणे ही इजा मानण्यापेक्षा पेशीने स्वतःला जपण्यासाठी घेतलेला आडोसा मानावा, असे ते म्हणू लागले. पुराव्याप्रमाणे मत बदलणे हे शास्त्रात अपेक्षितच असते. ते सहज घडते असे मात्र नाही.

या संशोधनातील एक महत्त्वाचा दुवा आपल्या देशात जोडला गेला, हे सांगताना मला समाधान वाटते. बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना दहा दिवस, दररोज काही वेळ जखडून ठेवले आणि हिप्पोकॅम्पसबरोबरच ॲमिग्डाला या भागाचीही तपासणी केली. ॲमिग्डाला म्हणजे भीतीची नोंद ठेवणारा भाग. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विलक्षण होता. हिप्पोकॅम्पसमधील फांद्या आखडल्या, परंतु त्याच उंदरांच्या ॲमिग्डालातील फांद्या वाढल्या. शिकणारा भाग आक्रसतो आणि भिणारा भाग फोफावतो. २००४ मध्ये त्यांनी आणखी पुढची गोष्ट दाखविली. एकवीस दिवसांच्या विश्रांतीनंतर हिप्पोकॅम्पस पूर्ववत होतो, ॲमिग्डालातील वाढ मात्र तशीच राहते आणि प्राण्याचा भित्रेपणाही ओसरत नाही. धाकाने शिकविल्यास पाठ विसरला जातो आणि धाक लक्षात राहतो, हे जुन्या शिक्षकांना अनुभवाने ठाऊक असेल. हा प्रयोग शाळेत झालेला नाही, तेव्हा त्यावरून छडीसंबंधी निकाल देणे घाईचे होईल. तरीही या दोन गोष्टींतील साम्य माझ्या मनातून जात नाही.

माणसांविषयीही थोडे सांगतो. परीक्षा जवळ आलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवर कॉनर लिस्टन, मॅक्यूएन आणि बी. जे. केसी यांनी केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. महिनाभर अभ्यासाच्या ताणाखाली असलेल्या या विद्यार्थ्यांना एका गोष्टीवरून दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष वळविणे जड जात होते आणि कपाळामागील मेंदूच्या भागांचे परस्परसंधान सैल पडलेले दिसले. परीक्षा संपून महिना लोटल्यावर त्यांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा हा फरक मावळला होता. ही माणसे तरुण, निरोगी होती आणि त्यांचा ताण कधी संपणार ती तारीख त्यांना ठाऊक होती. मला आज जे सांगायचे आहे ते बरेचसे या तारखेभोवती फिरते.

१९९३ मध्ये मॅक्यूएन आणि एलियट स्टेलर यांनी एक नवी संज्ञा रूढ केली. मराठीत तिला अनुकूलनाचा भार म्हणता येईल. प्रत्येक प्रसंगाला तोंड देताना शरीर रक्तदाब, साखर, संप्रेरके यांची पातळी वरखाली करीत असते आणि त्यामुळेच ते टिकते. पण ही धावपळ वारंवार करावी लागली, किंवा प्रसंग टळल्यावरही नळ बंद झाला नाही, तर जी व्यवस्था रक्षणासाठी आहे तीच झिजवू लागते. रक्तदाब चढा राहतो, पोटाभोवती चरबी साठते, साखरेचे नियंत्रण बिघडते, प्रतिकारशक्ती मंदावते. एखाद्या मोठ्या आघाताने माणूस मोडतो त्यापेक्षा रोजच्या लहानसहान, न संपणाऱ्या ओढाताणीने तो अधिक झिजतो, हे या कल्पनेचे सार. काही ताण हिताचे असतात, काही आधार असेल तर सोसण्याजोगे असतात आणि काही, आधारावाचून दीर्घकाळ चालले तर, घातक ठरतात, असा भेद मॅक्यूएन करीत असत.

मग सोसण्याजोगा ताण घातक कशाने होतो? १९६८ च्या निबंधात मॅक्यूएन यांचे भागीदार असलेले जे वाइस यांनी याचे उत्तर शोधण्यासाठी जे प्रयोग केले, ते माझ्या मते या विषयातील सर्वांत बोलके प्रयोग आहेत. दोन उंदरांच्या शेपटीला एकाच तारेतून विजेचे सारखेच झटके मिळतील अशी व्यवस्था त्यांनी केली. एका उंदरासमोरचे चाक फिरविले की झटका थांबे, आणि तो दोघांचाही थांबे. दुसऱ्यासमोरही चाक होते, पण ते कशालाही जोडलेले नव्हते. दोघांना मिळालेली वीज तंतोतंत सारखी. तरीही ज्याच्या हाती काही नव्हते त्या उंदराच्या जठरात व्रण कितीतरी अधिक पडले. दुसऱ्या एका प्रयोगात कोणाच्याही हाती काही नव्हते; परंतु एका उंदराला झटक्यापूर्वी इशाऱ्याचा आवाज ऐकू येई आणि दुसऱ्याला आवाज ऐकू येई तो झटक्याशी काहीही मेळ नसलेला. पहिल्याला व्रण फारच थोडे पडले. इशारा नाही तोवर निर्धास्त राहता येते, एवढाच त्याचा लाभ. पण तो लाभ केवढा मोठा ठरला! (माणसाच्या जठरातील व्रण बहुधा एका जीवाणूमुळे होतात, हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ नंतर दाखविले व त्याबद्दल त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा हे प्रयोग उंदरांतील ताणाचे माप म्हणून पाहावेत, आपल्या पोटदुखीचे निदान म्हणून पाहू नयेत.)

माणसांच्या बाबतीत अशा प्रकारचा पुरावा शासकीय कचेऱ्यांतूनच मिळाला. लंडनमधील व्हाइटहॉल या भागात ब्रिटिश सरकारची मंत्रालये आहेत. तेथील सुमारे अठरा हजार पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. मायकेल मार्मट यांचे नाव या कामाशी कायमचे जोडले गेले आहे. त्या काळी सर्वसाधारण समज असा की, हृदयविकार हा जबाबदारीच्या ओझ्याखाली असलेल्या मोठ्या साहेबांचा रोग. आकडे उलटे निघाले. सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांमध्ये, म्हणजे शिपाई, द्वारपाल यांच्यामध्ये, हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या जवळजवळ तिप्पट होते. शिवाय ही पायऱ्यांची उतरण होती : वरून दुसऱ्या पायरीवरचे अधिकारीही पहिल्या पायरीवरच्यांपेक्षा अधिक दगावत होते. यांपैकी कोणी उपाशी नव्हते, कोणाची नोकरी जाण्याची भीती नव्हती. धूम्रपान, रक्तदाब यांसारख्या ज्ञात कारणांनी या फरकाचा निम्म्याहूनही कमी भाग उलगडला. म्हणून १९८५ मध्ये १०,३०८ स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांचा दुसरा अभ्यास हाती घेण्यात आला. आपले काम कसे, कोणत्या क्रमाने, केव्हा करावे हे ठरविण्यास ज्यांना फारसा वाव नव्हता, त्यांना हृदयविकार अधिक होत असल्याचे त्यात दिसून आले. येथे बसलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही ताण असतो हे मी नाकारीत नाही. परंतु त्यांच्यासमोरचे चाक बहुधा कशाला तरी जोडलेले असते.

लहान मुलांविषयी फार बोलण्यास वेळ नाही, तरी एक सूत्र सांगितलेच पाहिजे. मॅकगिल विद्यापीठातील मायकेल मीनी यांनी १९९७ मध्ये दाखविले की, ज्या उंदरांच्या आया पिलांना अधिक चाटतात आणि गोंजारतात, ती पिले मोठी झाल्यावर ताणातून लवकर सावरतात, आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये संप्रेरकाला धरून ठेवणारे ग्राहक रेणू अधिक असतात. म्हणजे त्यांचा नळ लवकर बंद होतो. २००४ मध्ये याच गटाने आईच्या या गोंजारण्याची खूण जनुकांवरील रासायनिक आवरणातही उमटलेली दाखविली. पिलांची अदलाबदल केली तर पिलू ज्या आईपाशी वाढते तिच्या वळणावर जाते, जिच्या पोटी जन्मते तिच्या नव्हे.

उंदरांवरून माणसांविषयी बोलू नये, असे कोणी म्हणेल. तर मेक्सिकोतील उदाहरण घ्या. तेथील सरकारने गरीब कुटुंबांतील मातांच्या हाती नियमित रोख रक्कम देण्याची योजना १९९७ मध्ये सुरू केली. मुले शाळेत गेली पाहिजेत आणि त्यांची आरोग्यतपासणी झाली पाहिजे, या तिच्या अटी. ही योजना पुढे ओपोर्तुनिदादेस या नावाने ओळखली गेली आणि २०१९ मध्ये ती बंद झाली. लिया फर्नाल्ड आणि मेगन गुनर यांनी योजनेतील आणि योजनेबाहेरील लहान मुलांच्या लाळेतील कॉर्टिसॉल मोजले. त्यांचा निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. योजनेतील मुलांमध्ये ते कमी आढळले. आणि ज्यांच्या आया खिन्नतेने ग्रासलेल्या होत्या, त्या मुलांमध्ये हा फरक विशेष ठळक होता. एका शासकीय विभागाने महिन्यांमागून महिने रक्कम पोचविली आणि तिचा परिणाम एका तीन-चार वर्षांच्या बालकाच्या लाळेत मोजता आला. कोणत्याही प्रगती-अहवालात या फलनिष्पत्तीसाठी रकाना नसतो.

आपल्याकडे अशी मोजणी झाली आहे असे मी सांगत नाही. पुढचे विवेचन माझे अनुमान आहे आणि ते त्याच दृष्टीने घ्यावे. टंचाईच्या दिवसांत टँकर मंगळवारी आणि शुक्रवारी येणार हे ज्या वस्तीला ठाऊक आहे आणि तो तसा येतो, तेथील बाई उरलेले पाच दिवस मजुरीला जाऊ शकते. ज्या वस्तीला ते ठाऊक नाही, तेथे पाणी तितकेच आले तरी कोणीतरी सातही दिवस रस्त्याकडे डोळे लावून बसते. वाइसच्या दोन उंदरांना वीज सारखीच मिळाली होती, हे येथे आठवावे. महाराष्ट्राच्या रोजगार हमी अधिनियमात १९७७ मध्ये काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते देण्याचे बंधन घातले गेले. त्या योजनेचे मोल आपण आजवर मजुरीच्या रुपयांत आणि बांधलेल्या तलावांत मोजीत आलो. दुष्काळात घर सोडून जायचे की राहायचे, याचा निर्णय माणसाच्या हाती येणे हाही त्या हमीचा एक भाग होता, आणि शरीराच्या दृष्टीने तो लहान नव्हे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमात अधिसूचित सेवांना कालमर्यादा आहे, ती फलकावर लावावयाची आहे, आणि अर्जदाराला त्याच्या अर्जाचा स्वतंत्र क्रमांक द्यावयाचा आहे. कचेरीतल्या माणसाला ही कारकुनी बाब वाटते. खिडकीच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी तो फलक आणि तो क्रमांक म्हणजे झटक्यापूर्वीचा आवाज आहे, आणि अपिलाचा अधिकार म्हणजे जोडलेले चाक. दाखला आठ दिवसांनी मिळणार असेल तर आठ दिवस, पंधरा दिवस लागणार असतील तर पंधरा. पण ‘उद्या या’ हे उत्तर सलग पाच वेळा मिळणे ही निराळी गोष्ट आहे.

स्वतःपुरते काय करावे, हे विचारल्यावाचून अशी सभा संपत नाही. मॅक्यूएन औषधाच्या गोळीपेक्षा झोप, चालणे आणि माणसांचा सहवास यांवर अधिक बोलत असत. १२० वयस्क व्यक्तींवर अमेरिकेत झालेला एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटे भरभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस वर्षभरात सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा वयोमानाप्रमाणे किंचित घटला. नंतरच्या सर्वच प्रयोगांत इतका स्पष्ट फरक दिसलेला नाही. तरीही चालण्याचे इतर लाभ पक्के आहेत आणि त्याला खर्च नाही. झोपेच्या बाबतीत एवढेच सांगतो की, रात्री कॉर्टिसॉल उतरण्याची वेळ असते, आणि अपुऱ्या झोपेनंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते उतरायला हवे तितके उतरत नाही.

आता आपल्या शंका. सभा सुरू होण्यापूर्वी एका गुरुजींनी विचारले होते की, रक्त किंवा लाळ तपासून एखाद्याचा ताण मोजता येतो काय. त्याचे उत्तर प्रथम देतो. हजारभर माणसांच्या दोन गटांची तुलना करण्यास ही तपासणी उपयोगी पडते. एका माणसाच्या एका नमुन्यावरून मात्र ताणाविषयी काही सांगता येत नाही, कारण सकाळी आठला घेतलेला आकडा आणि संध्याकाळी घेतलेला आकडा यांत निरोगी माणसातही मोठे अंतर असते, आणि सुई टोचली जाणार या धास्तीनेच तो वाढतो. शिवाय ज्यांनी वर्षानुवर्षे फार सोसले आहे त्यांच्यापैकी काहींमध्ये हे संप्रेरक वाढलेले नसून उलट कमी झालेले आढळते. त्यांची यंत्रणा जणू उत्तर देणेच थांबविते. म्हणून जाहिरातींतून अशा तपासण्या कोणी खपवीत असेल, तर ते पैसे वाचवावेत. पुढचा प्रश्न कोणाचा आहे?